फासा खाली पडला तर एक

रविवार, ३ मार्च

दादाला एक पडला! आज! सगळ्यांसमोर!

वीस बाजूंचा फासा, आकडा जितका मोठा तितका वार नेमका, त्यातली एकच बाजू एकची, आणि ती नेमकी दादाच्या वाट्याला. खेळात समोर कोण? एक मरतुकडा राक्षस, ज्याला वहिनीने फुंकर मारली असती तरी पडला असता. दादाने ऐटीत फासा टाकला आणि — एक! मी आनंदाने टेबलावर हात आपटला, दादाच्या वकील मित्राचा चहा सांडला.

आणि पुढे काय? काही नाही. पुस्तकातला नियम एवढाच — वार हुकला, पुढच्याची पाळी. "एवढंच?" वहिनी म्हणाली, "मला वाटलं काहीतरी मजा होईल." मलाही वाटलं होतं, वहिनी!

दर रविवारी चारला वरच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं खेळतो. गोष्ट मी रचते, राक्षस मी आणते, निकाल मी देते. मास्टर मी. दादा तलवारबाज, वहिनी वैदू. दादाचा शाळेपासूनचा मित्र आहे तो चोर. (खऱ्या आयुष्यात वकील, खेळात चोर. हा विनोद तो स्वतःच दर आठवड्याला करतो, आणि स्वतःच हसतो.) तीन तास दादा माझ्या तोंडाकडे बघून विचारतो, "चिंगे, आता मी काय करू?" उरलेला आठवडा मी त्याला विचारते.

म्हणून त्या एकचं काहीतरी करायला हवं. दादाला आयुष्यात कधी एक पडलेला नाही. परीक्षेत नाही, लग्नात नाही, ऑपरेशनमध्ये तर नाहीच. आता पडलाय तर तो असा फुकट कसा घालवू?

सोमवार, ४ मार्च

खाली दवाखान्यात एकोणतीस डोळे तपासले. "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" — हे एक वाक्य मी सतरा वर्षं बोलतेय. मी मेल्यावर भिंतीतून ऐकू येईल. मी नंबर काढते, दादा ऑपरेशन करतो. पेशंट त्याला डॉक्टर म्हणतात आणि मला "डॉक्टरांची बहीण". मेडिकलची परीक्षा मीही दिली होती, दोनदा. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, घरात एक डॉक्टर पुरे." प्रेमानेच म्हणाले. म्हणून तर अजून टोचतं.

आज भर पेशंटसमोर दादाचं ते नेहमीचं — "चिंगे, डावा-उजवा नीट लिहिलास ना?" आपण पेशंटच्या समोर बसतो. त्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो आणि कागदावरही डावीकडेच लिहायचा. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन! पेशंट गेल्यावर मी फटकन म्हटलं, "सतरा वर्षं झाली. हा प्रश्न मला पुन्हा विचारायचा नाही."

"बरं बाई," दादा म्हणाला. "नाही विचारणार."

आणि खरंच सॉरी म्हणाला. असा राग येतो ना! भांडायचं तर नीट भांडावं माणसाने.

जेवणाच्या सुट्टीत अक्षरांच्या जुन्या तक्त्यामागे 'एकचा तक्ता' लिहायला घेतला. हात थांबेना.

रविवार, १० मार्च

तक्ता भिंतीवर लावला. आजपासून एक पडला की नुसतं हुकायचं नाही, दहा बाजूंचा फासा टाकायचा आणि तक्त्यावर बघायचं. तलवार हातातून उडून विहिरीत. पाय घसरून राक्षसाच्याच मिठीत. चड्डीची नाडी तुटते (वकील यावर इतका हसला की ठसका लागला). स्वतःच्याच पायावर वार. आणि दहा आला तर — वार शेजारच्या आपल्याच माणसाला.

वकिलाने लगेच कोर्ट भरवलं. "थांब. तलवारबाज एका पाळीत तीन वार करतो, मी एक. म्हणजे एक पडण्याची पाळी त्याच्यावर तिप्पट. तुझ्या राज्यात माणूस जितका तरबेज तितका त्याचा पचका जास्त. हा कुठला न्याय?"

"माझ्या राज्यातला," मी म्हटलं.

दादा हसून म्हणाला, "असू दे रे, जो जास्त हात चालवतो त्याचाच हात कधीतरी चुकणार." तासाभरात त्याची तलवार विहिरीत गेली, नाडी तुटली, तो हसतच होता. पोट धरून! मला ते हसू पुसायचं होतं.

रविवार, १७ मार्च

आज दादाचा फासा दोनदा टेबलावरून खाली पडला. एकदा फ्रिजखाली गेला, झाडूने काढावा लागला. खाली पडलेला फासा परत टाकायचा, हे आम्ही पहिल्यापासून पाळतो. परत टाकला — अठरा. दुसऱ्यांदा सोळा. नशीब तरी बघा!

"तुझी म्हातारपणाची लक्षणं," वहिनी त्याला म्हणाली. तो म्हणाला, "टेबल उतरतं आहे." टेबल उतरतं नाही. मी पाण्याचा पेला ठेवून बघितलं.

मंगळवार, १९ मार्च

चहा डाव्या हाताने घेतो आता. उजवा खिशात.

रविवार, २४ मार्च

चार वेळा! मी वहीत खुणा केल्या. वकिलाचा एकदाही नाही, वहिनीचा एकदाही नाही, दादाचा चार वेळा. मुठीतून सुटतानाच फासा भलतीकडे जातो. मी हात बघितला त्याचा. अंगठा आणि बोट आपसात काहीतरी चोळत असतात, मीठ चिमटीत धरल्यासारखे. दादाच्या लक्षात आलं की मी बघतेय. हात टेबलाखाली गेला.

डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते मी, बाकी कशाचं फारसं कळत नाही मला. पण एवढं कळतं.

मग मी काय केलं? बाजूला घेऊन विचारलं? छे. पेन उचललं आणि तक्त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं — फासा खाली पडला तर एक.

वकील उठून उभा राहिला. "हरकत! हा नियम एका माणसासाठी आहे."

"नियम सगळ्यांना सारखा. तुझा पडला तर तुलाही एक."

वहिनी आत जाऊन परात घेऊन आली. "यात टाका ना, म्हणजे खाली जाणारच नाही. साधी गोष्ट आहे." साधीच गोष्ट होती. मी म्हटलं, "परात नाही. मला आवाज सहन होत नाही." परात! शोधूनच काढते ही बाई काहीतरी!

सगळे दादाकडे बघायला लागले. तो तक्ता वाचत होता, माझी ती शेवटची ओळ. मग माझ्याकडे बघितलं. "चालेल," म्हणाला. "नियम तो नियम."

पुढच्याच वाराला फासा खाली. एक. तक्त्यावर दहा. तलवार शेजारच्या वैदूच्या हातावर. मी निकाल दिला — मनगटापासून हात तुटला. वहिनी म्हणाली, "अगं, वैदूचा हात गेला तर ती औषध कसं देणार? दोन वर्षं खेळतेय मी हिला!" डोळ्यांत पाणी आलं तिच्या, खेळातल्या बाईसाठी! मी म्हटलं, "नवऱ्याला विचार."

दादा तेव्हा हसला नाही.

बुधवार, २७ मार्च

सिस्टर सांगत होती, साहेब हल्ली ऑपरेशनच्या आधी पाच मिनिटं एकटे बसतात. हात गरम पाण्यात धरतात. दिवसाला सहा करायचे, आता दोन. बाकीच्यांना तारखा पुढच्या. "दमले असतील हो," म्हणाली बिचारी. मी म्हटलं, असतील.

रविवार, ३१ मार्च

आज खेळ झाला नाही, कारण आईची सभा भरली. आईचा उजवा डोळा काचबिंदूने गेला त्याला नऊ वर्षं झाली. तो मुळात लहानपणापासून अधू, जाड भिंगाचा. सगळा कारभार डाव्यावर. आता त्या डाव्यात मोतीबिंदू पिकलाय. परवा तिने मीठ समजून साखर घातली आणि मलाच ओरडली.

ऑपरेशन बारा तारखेला, शुक्रवारी. कोण करणार हा प्रश्नच नाही. "माझा डोळा माझा मुलगा करणार," आई म्हणाली, शेजारणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात. "दुसऱ्या कुणाचा हात लावून घेणार नाही मी."

दादा म्हणाला, "मी करतो, आई."

मी समोर बसले होते. एकुलता एक चालता डोळा. मला माहीत आहे, त्याला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत आहे. एक वाक्य बोलायचं होतं — "आई, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ." ओठांपर्यंत आलं होतं.

गिळलं. खरं लिहायचं तर वहीत तरी खरं लिहावं. मला वाटलं, पडू दे ना एक. एकदा तरी पडू दे. आईने एकदा त्याच्याकडे तसं बघावं, जसं माझ्याकडे निकालाच्या दिवशी बघितलं होतं. दोन्ही निकालांच्या दिवशी!

मंगळवार, २ एप्रिल

आईचे डोळे मोजले. आत बसवायच्या भिंगाचा नंबर यावरून निघतो. पद्धत म्हणून गेलेला डोळासुद्धा मोजायचा, तुलनेला. आईची मान आखडलेली, हनुवटी टेकवायचं मशीन जमेना. मग हातात धरायचं जुनं मशीन घेऊन तिच्या शेजारी बाकावरच बसले, एक हात तिच्या खांद्यावर. पूर्ण वेळ तिचं दादापुराण चालू. दादाने पहिलं ऑपरेशन केलं तेव्हा काय, दादाला कुणी शाल दिली तेव्हा काय. मी दात आवळून मोजत होते. "तुझं बरं आहे गं," म्हणाली. "तुझ्यावर काही जबाबदारी नाही."

कागद दादाच्या टेबलावर नेऊन आपटला. त्याने आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. "तू मोजलंस ना? झालं." सही ठोकली. सहीसुद्धा वाकडी! शेवटचं अक्षर पार कागदाच्या बाहेर.

रविवार, ७ एप्रिल

आज सहा वेळा. तलवारबाजाचा एक पाय गेला, ढाल गेली, वैदूचा दुसरा हातही गेला. मी एकेक निकाल चवीने सांगत होते. वकील मधेच उठला. "मी जातो. हा खेळ नाही राहिला," म्हणाला. जाताना तक्त्याकडे बोट करून म्हणाला, "कोर्टात मी खुनी माणसं बघितलीत. त्यांचं अक्षर इतकं सुबक नसतं." गेला तर गेला. चोरच तो!

वहिनी त्याला सोडायला खाली गेली. दादा कप विसळायला स्वयंपाकघरात आला, डाव्या हाताने. पाठ माझ्याकडे.

"चिंगे, तो नियम काढतेस का?"

"का?"

"असाच. परत टाकायचा नियम बरा होता."

"कारण सांग. मग काढते."

नळ चालू होता. तो बराच वेळ एकच कप धूत राहिला. मग म्हणाला, "आईचं करून मी थांबणार आहे. एवढं एकच. ते नीट होईल, मी रोज वर सराव करतोय." वळला, आणि माझ्याकडे असं बघितलं, की — काय लिहू? लहानपणी झाडावर अडकला होता तेव्हा बघितलं होतं तसं. बाबांना बोलाव म्हणून. तेव्हा मी धावत गेले होते.

आज मी म्हटलं, "नियम तो नियम."

त्याने मान हलवली आणि कप पालथा घातला.

गुरुवार, ११ एप्रिल

उद्या. वही उशाशी आहे. सतरा मार्चपासून प्रत्येक खूण त्यात आहे, बारा वेळा फासा खाली. ही वही घेऊन आईसमोर बसले तर पाच मिनिटांचं काम. दुसरे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून आहेत.

नाही गेले.

शुक्रवार, १२ एप्रिल

झालं. सिस्टर म्हणाली, वेळ दुप्पट लागला, पण हात दगडासारखा. एकदाही हलला नाही. बाहेर येऊन साहेब खुर्चीत बसले ते उठेनातच.

मला काय वाटलं? सुटका? हो, थोडी. आणि खोटं कशाला, थोडी निराशाही.

शनिवार, १३ एप्रिल

पट्टी काढली. आई, वहिनी, मी, वकीलसुद्धा आला होता फुलं घेऊन. आईने डोळा उघडला, मिचकावला, परत उघडला. सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, "धुकं आहे रे. कोण कुठे आहे ते कळत नाही."

दादाने दिवा आणला, डोळा तपासला. जखम उत्तम, पडदा उत्तम. पुन्हा तपासला. मग आईची फाईल उघडली आणि उभ्या उभ्या वाचत राहिला. पांढराफटक पडला.

पडला! पडला दादाला एक!

मी थांबू शकले नसते. सतरा वर्षं थांबले होते. वही आणली आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवली, तारखांसकट. सतरा मार्च, दोन वेळा. चोवीस मार्च, चार. सात एप्रिल, सहा. चहाचा कप. गरम पाणी. वाकडी सही. "याचा हात महिनाभर थरथरतोय, आणि हा आईच्या एकुलत्या डोळ्यात सुरी घेऊन गेला! विचारा त्याला!"

वहिनीने तोंडावर हात घेतला. वकील खाली बघत होता. आई आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "खरं आहे का रे?"

दादाने फाईल मिटली. मला वाटलं आता भांडेल, सबबी सांगेल, टेबल उतरतं म्हणेल. तो म्हणाला, "हो, आई. माझा हात थरथरला."

"मला सांगायचं नाहीस? आईला?"

"चुकलं."

आईने हात पुढे केला. तो तिच्याकडे आला, तर म्हणाली, "तू नको. चिंगीला येऊ दे." दादा बाजूला झाला. आईचा हात मी धरला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने आधी माझं नाव घेतलं. रडू आलं मला. आनंदाचंच होतं, कुणाला काय सांगू!

रविवार, १४ एप्रिल

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. दादा त्यांच्याशी आत एकटाच बोलला. बाहेर येऊन सांगितलं, एकच डोळा आहे, परत उघडण्यात धोका. जाड चष्मा लावावा लागेल, कायमचा. जवळचं वाचता यायचं नाही फारसं. शिवण तर विसराच. आई एक शब्द बोलली नाही त्याच्याशी. दादाने दवाखान्याची पाटी उतरवली. खेळ झाला नाही. तक्ता मी भिंतीवरून काढला नाही.

सोमवार, १५ एप्रिल

दादा माझ्या खोलीत आला, दार लोटलं, खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. फाईलमधला आईचा कागद. माझं सुबक अक्षर. डावीकडे एकवीस, उजवीकडे चौदा. म्हणजे एकवीस गेलेल्या डोळ्याचा आणि चौदा चांगल्या डोळ्याचा — उलटं! कमी आकडा जाड भिंगाच्या अधू डोळ्याचा, आणि तोच आईच्या चांगल्या डोळ्यात बसला. मी त्या दिवशी आईच्या समोर नव्हते बसले. शेजारी बसले होते.

"कुणी बघितलेला नाही," दादा म्हणाला. "फासा खाली पडला की आपण परत टाकायचो ना, तसंच समज." आणि कप विसळायला गेला, डाव्या हाताने.

बाहेरून आईने हाक मारली, "चिंगे, हात दे गं, मला तुझाच भरवसा." मी कागद वहीत ठेवला, बाहेर गेले आणि तिला हात दिला.